सूचीबाहेरचे वाङ्मय

परदेशी विद्यापीठात मराठी साहित्याचे संशोधन करणाऱ्याला एक अनुभव हटकून येतो. पुण्या-मुंबईत चार ग्रंथालयांचे उंबरठे झिजवूनही जे पुस्तक हाती लागले नव्हते, ते तेथील कपाटात, मजबूत बांधणीत, जागच्या जागी उभे असते. आता तर कित्येक जुन्या पुस्तकांसाठी कपाटापर्यंत जाण्याचीही गरज उरलेली नाही. त्यांची पाने घरबसल्या संगणकाच्या पडद्यावर उलटता येतात. अमेरिकेतील एका विद्यापीठात अभ्यागत प्राध्यापक म्हणून गेले, तेव्हा पहिले काही आठवडे मीही या सोयीने भारावून गेले होते. ही सोय खरी आहे आणि तिच्याविषयी वाटणारी कृतज्ञताही खरी आहे. तथापि तिने माझ्या विचारात एक चूक नकळत रुजविली. ती माझ्या एकटीची नसावी, या समजुतीने हे लिहीत आहे.

हे ग्रंथ तेथे कसे पोहोचले, हे प्रथम पाहिले पाहिजे. १९५४ साली अमेरिकेने ‘पब्लिक लॉ ४८०’ हा कायदा केला. त्याअन्वये आलेल्या धान्याची किंमत भारत रुपयांत चुकती करी आणि ते रुपये बव्हंशी भारतातच खर्च व्हावयाचे असत. १९५८ च्या दुरुस्तीने त्यांतून ग्रंथखरेदीची वाट मोकळी झाली. १९६२ पासून लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या दिल्ली येथील कचेरीमार्फत भारतीय भाषांतील पुस्तके अमेरिकेतील निवडक विद्यापीठांकडे जाऊ लागली. आमच्या घरातील वडीलधाऱ्यांनी ‘तांबडा गहू’ म्हणून ज्याला नावे ठेवीत पोळ्या लाटल्या, त्याच गव्हाच्या मोबदल्यातून मराठी कथा-कादंबऱ्या शिकागो आणि बर्कली येथे जाऊन पोहोचल्या. १९७४ साली या निधीपैकी १६६४ कोटी रुपये अमेरिकेने भारताला देऊन टाकले. कालांतराने ग्रंथखरेदीसाठी हा निधी उरला नाही, तेव्हा ग्रंथालयांनी ती व्यवस्था स्वतःच्या पैशाने पुढे चालविली. त्या ग्रंथालयांची चिकाटी वाखाणण्याजोगी आहे, यात शंका नाही.

परंतु कोणत्याही खरेदीला विक्रेता लागतो, पावती लागते, प्रकाशकाचे नाव व पत्ता लागतो. ज्या पुस्तकाला हे सारे आहे, ते सूचीत सहज शिरते; ज्याला नाही, ते बहुधा बाहेर राहते. सूचीत शिरलेल्या पुस्तकालाही रोमन लिपीचा पोशाख करावा लागतो. त्या लिप्यंतराच्या नियमाप्रमाणे प्रत्येक अंगभूत अकार लिहावयाचा असल्यामुळे ‘खांडेकर’ हे नाव अंत्य अकारासह शोधावे लागते. आपण ते नाव जसे उच्चारतो तसे लिहून शोधणारा मराठी वाचक, दुसरी नोंद उपलब्ध नसेल तर, रिकाम्या हाताने परततो. पुढे ही कार्डे संगणकात गेली तेव्हा त्यांच्यातील निवडही त्यांच्याबरोबर गेली. यंत्राने शोध वेगवान केला. शोधाचे क्षेत्र मात्र पूर्वीच आखले गेले होते.

माझी चूक येथेच झाली. एका चर्चासत्रात, स्वातंत्र्योत्तर मराठी कवितेच्या प्रसाराविषयी बोलताना, मी तेथील सूचीच्या आधारे काही विधाने केली. प्रकाशनाची केंद्रे कोणती, कविता कोणत्या वर्गापर्यंत पोहोचली, याची मांडणी नीटनेटकी होती. सत्र संपल्यावर नागपूरहून आलेल्या एका संशोधक विद्यार्थ्याने नम्रपणे विचारले, “बाई, यात वामनदादा कुठे आहेत?” वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांची गाणी महाराष्ट्रातील वस्त्यावस्त्यांतून गायली गेली. अशा गाण्यांच्या पुस्तिका दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तनदिनी आणि चैत्यभूमीवर ६ डिसेंबरला पथारीवर विकल्या जातात. तो बाजार मी स्वतः पाहिला होता, पुस्तिका विकतही घेतल्या होत्या. तरीही परदेशातील टेबलावर बसून ‘प्रसार’ हा शब्द लिहिताना मला त्याची आठवण झाली नाही. सूचीत जे नव्हते, ते माझ्या स्मरणातूनही गळून पडले होते. मी ती विधाने मागे घेतली. परंतु त्या प्रश्नाने आलेली अस्वस्थता अद्याप गेलेली नाही.

यावरून यंत्राला दोष द्यावा, असे मला म्हणावयाचे नाही. उलट उदाहरणही आपल्याजवळच आहे. गावात पिठाची गिरणी आली, पहाटेचे जाते थांबले आणि जात्यावरची ओवी मुकी होऊ लागली. बायकांच्या हातांचे कष्ट त्या गिरणीने वाचविले, हे विसरून हळहळण्यात अर्थ नाही. मात्र १९८० च्या दशकापासून हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे, परंतु पुण्यात स्थायिक झालेले गी प्वातवँ यांनी, मावळ-मुळशीच्या डोंगराळ भागातील स्त्रियांना सोबत घेऊन, एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. बर्नार्ड बेल यांच्या साह्याने त्यांचे ध्वनिमुद्रण व संगणकीय संकलन झाले. २०१७ पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ने त्या सर्वांसाठी खुल्या केल्या आहेत. तेथे ओवीबरोबर ती गाणाऱ्या बाईचे नाव, गाव, जात, व्यवसाय हेही नोंदलेले आढळते. यंत्र तेच, परंतु येथे नोंद करणारा माणूस आधी जात्यापाशी जाऊन बसला होता. म्हणून ओवी सूचीत गेली तरी गावापासून तुटली नाही.

तुलनात्मक साहित्याच्या अभ्यासकांना हा भेद महत्त्वाचा वाटावयास हवा. आपण मराठीची तमिळशी किंवा बंगालीशी तुलना करतो, तेव्हा पुष्कळदा दोन साहित्यांची नव्हे, तर दोन सूचींची तुलना करीत असतो. परदेशात ही शक्यता अधिक, कारण तेथे पथारीवरचा विक्रेता आणि तालुक्याच्या वाचनालयातील जुने ग्रंथपाल हटकावयास जवळ नसतात. ते काम माझ्या बाबतीत एका विद्यार्थ्याने केले, हे माझे भाग्य.

आपल्या विद्यापीठांतील भाषाविभागांना यासाठी मोठा निधी लागेल असे नाही. प्रत्येक विभागाने आपल्या परिसरातील जत्रा, मेळावे आणि वाचनालये यांतून मिळणाऱ्या पुस्तिकांची सूची वर्षाकाठी देवनागरीत तयार करावी. तीत विक्रीचे ठिकाण व तारीख लिहावी आणि ती सर्वांना खुली ठेवावी. परदेशी जाणाऱ्या अभ्यासकाने ती बरोबर न्यावी व तेथील ग्रंथपालाच्या हाती द्यावी. मी या वर्षी माझ्याजवळच्या चाळीस पुस्तिकांपासून आरंभ केला आहे. त्यांतील कित्येकांवर प्रकाशनवर्ष नाही. ते ठरविण्यासाठी पुन्हा त्या पथारीवाल्यांकडेच जावे लागणार आहे, आणि तेच योग्य आहे.