हागारचे अश्रू कोणत्या धर्माचे?

बायबलातील कथांची जुनी ठसेचित्रे हिंदूंच्या घरांत वा वाचनालयांत असू नयेत, असे मत आपल्या मंडळींत अधूनमधून आग्रहाने मांडले जाते. ‘ती धर्मप्रसाराची साधने, त्यांत आपण काय पाहावयाचे?’ हा त्यांचा प्रश्न. त्यामागील वेदना आम्हांस परकी नाही. साष्टीतील देवळे १५६७ साली पाडली गेली. ज्यांच्या कुलदेवतांना नदीपार आश्रय शोधावा लागला, त्यांनी ते विसरावे असे कोण म्हणेल? परंतु देवळे पाडणाऱ्या सत्तेचा अपराध प्रत्येक चित्रकाराच्या माथी मारणे, हा न्याय नव्हे.

रेम्ब्रांट या डच चित्रकाराचे १६३७ सालचे चित्र पाहा. त्याच सुमारास त्याच्या देशाची गलबते गोव्याच्या तोंडाशी पोर्तुगीजांची कोंडी करीत होती! तांब्याच्या पत्र्यावर सुईने रेघ ओढून, ती अम्लाने खाववून केलेले हे चित्र पंजाएवढे आहे. पत्नी सारा हिच्या हट्टास्तव अब्राहाम आपली दासी हागार आणि तिच्या पोटी झालेला स्वतःचा पुत्र इश्माएल यांना घराबाहेर काढीत आहे. त्याचा एक पाय पायरीवर, एक खाली. एक हात जाणाऱ्यांकडे, एक घराकडे. हागार रुमालात तोंड लपवून रडते. मुलगा पाठमोरा चालू लागला आहे. आणि खिडकीतून सारा हसत पाहते आहे.

आता सांगा, यात उपदेश कोठे आहे? अब्राहाम हा त्या धर्माचा आदिपुरुष. प्रचारकाने त्याचा दोष झाकला असता. या कलावंताने तो दारातच उभा केला. घरच्यांनी केलेल्या घाताचे दुःख किती जवळचे असते, हे त्याला ठाऊक होते. त्याच्याच दुसऱ्या, याहूनही लहान चित्रात योसेफाचा रक्ताळलेला अंगरखा भाऊ बापापुढे धरतात. भावाला विकून आलेले ते पुत्र. बापाच्या आक्रोशापुढेही त्यांची जीभ खरे बोलत नाही.

आपल्या पूर्वसूरींना ही भीती नव्हती. गोव्याहून गेलेल्या जेझुइट पाद्र्यांनी १५८० साली अकबरास अँटवर्पला छापलेले बायबल अर्पण केले. पाद्र्यांना बादशहा ख्रिस्ती व्हावयास हवा होता. तो झाला नाही. दरबारातील केसूदास, बसावन या हिंदू चित्रकारांनी मात्र युरोपीय ठसेचित्रे डोळे भरून पाहिली, त्यांवरून चित्रे काढली, आणि छायाप्रकाशाची रीत उचलली. त्यांचा धर्म त्यामुळे बुडाला नाही.

कीर्तनात सीतात्यागाची कथा ऐकताना आपण डोळे पुसतो. निरपराध स्त्री, घरच्यांनीच मिटलेले दार, पुढे अरण्य. हेच हागारच्या वाट्याला आले, तर मान का वळवावी? ज्याची श्रद्धा दुसऱ्याच्या अश्रूंनी विरघळते, त्याने चित्रांना दोष देण्यापूर्वी ती श्रद्धाच एकदा तपासून पाहावी.