सम्राटाने वेचलेले सभागृह



मेक्सिकोची काँग्रेस नुसती भांडत बसली, म्हणून सम्राट इतुर्बिदेने ती बरखास्त केली, हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे म्हणणे मला मुळीच पटत नाही. २६ ऑगस्ट १८२२ रोजी त्याने कटाच्या संशयावरून प्रतिनिधींनाच अटक केली. सहकाऱ्यांसाठी काँग्रेस अडून बसली, हा तिचा गुन्हा? ३१ ऑक्टोबरला सभागृहाला टाळे लागले आणि दोनच दिवसांत ‘हुंता नासिओनाल इन्स्तितुयेंते’ हे मंडळ अवतरले. सदस्य जुन्या काँग्रेसमधलेच, पण निवड सम्राटाची! याला लोकप्रतिनिधित्व कसे म्हणायचे?

या मंडळाने काम केले, हे खरे. ४ जानेवारी १८२३ चा वसाहत कायदा त्याचाच. परदेशी कुटुंबांना जमिनी देतानाच त्याने गुलामांच्या खरेदी-विक्रीला मनाई केली. साम्राज्यात जन्मलेली गुलामांची मुले चौदाव्या वर्षी मुक्त होणार होती. हे कलम मोलाचेच. पण कायदा चांगला निघाला म्हणून तो करणाऱ्यांना जनादेश मिळत नाही.

फेब्रुवारीत सम्राटाविरुद्ध उठलेल्या लष्कराने कासा माताच्या जाहीरनाम्यातून निवडून आलेल्या काँग्रेसची मागणी केली. मार्चमध्ये इतुर्बिदेला जुनीच काँग्रेस परत बोलवावी लागली, त्याच महिन्यात पदत्यागही करावा लागला. आणि त्याच काँग्रेसने ८ एप्रिलला त्याचा राज्याभिषेक बळजबरीचा म्हणून रद्दबातल ठरवला.

– एक नियमित वाचक, नाशिक