चार ट्रे पुरे!

हल्ली आमच्या ओळखीच्या तरुण मंडळींत मोठ्या कॅमेऱ्याचे वेड शिरले आहे, आणि मला त्याचा आनंदच वाटतो. जुन्या बाजारातून लाकडी घडीचा कॅमेरा आणावा, डोक्यावर काळे फडके घ्यावे आणि पर्वतीच्या पायऱ्यांवर ठाण मांडावे, यात वाईट काय आहे? राग येतो तो पुढच्या प्रकाराचा. ज्याने आजवर एकही फिल्म स्वतः धुतलेली नाही, असा मनुष्य ‘टाकी कोणती घेऊ?’ याची सहा सहा महिने चर्चा करीत बसतो. हिच्यात द्रावण कमी लागते, तिच्यात डाग पडत नाहीत, आणि ते जर्मन यंत्र तर आपले आपण फिरते! चर्चा संपेपर्यंत फिल्मची मुदत संपते आणि कॅमेरा पुन्हा जुन्या बाजाराची वाट धरतो.

आमच्याच आळीतल्या एका मुलीला अशाच एका जाणत्याने सांगितले, “यंत्र घ्यायची ऐपत नसेल तर या फंदात पडू नकोस.” तिने आजोबांचा कॅमेरा मुकाट्याने माळ्यावर ठेवून दिला. हा लेख मी त्या जाणत्यासाठी लिहीत आहे.

माझे म्हणणे असे की, घरी शीट फिल्म धुणाऱ्याने आरंभी कोणतीही टाकी घेऊ नये. चार ट्रे, एक चांगला तापमापक, एक रबरी हातमोज्यांचा जोड आणि पक्का अंधार, एवढे पुरे.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. शीट फिल्म रिळाची नसते. बहुधा ४ इंच रुंद, ५ इंच लांब असा सुटा तुकडा, आणि एका तुकड्यावर एकच चित्र. तिच्या कोपऱ्याला खाचा असतात. तुकडा उभा धरून खाचा उजवीकडे वर आल्या की रसायनाची बाजू आपल्याकडे आहे, हे काळोखात बोटांनाच कळते. प्रत्येक शीट आधी साध्या पाण्यात भिजवायची, नाहीतर त्या एकमेकींना चिकटतात. मग डेव्हलपरमध्ये सर्वांत खालची काढून वर ठेवायची, पुन्हा खालची वर. पत्ते पिसावेत तसे, पण सावकाश. नंतर पाणी, नंतर हायपो. मिनिटे मोजायला दाराबाहेर नातवंड उभे करावे. माझा नातू हे काम मोठ्या अधिकाराने करतो.

टाकीवाले म्हणतात, ट्रेमध्ये ओरखडे पडतात. पडतात ना! म्हणून पहिला महिनाभर एका वेळी एकच शीट धुवावी. पोळी लाटताना पहिल्या दिवशी नकाशेच होतात, पण म्हणून कोणी पोळ्यांचे यंत्र मागवीत नाही.

खरी अडचण ओरखड्यांची नाही, आपल्या उन्हाळ्याची आहे. डेव्हलपरची वेळ सामान्यतः २० अंश सेल्सिअसला धरून सांगितलेली असते. तेथे १० मिनिटे लागत असतील, तर २४ अंशांना सुमारे ७ मिनिटेच द्यावी लागतात. एप्रिल-मे महिन्यांत पुण्यातल्या गच्चीवरच्या टाकीचे पाणी त्याहून कितीतरी तापलेले असते, आणि वेळ पाच मिनिटांच्या खाली गेली की चित्र एकसारखे उतरत नाही. आता गंमत पाहा. त्या महागड्या फिरत्या यंत्राला पाणी तापवण्याची सोय असते. थंड देशांतल्या माणसांनी ते आपल्यासाठी बनवलेले नाही. आम्हांला पाणी गार हवे! त्याला माठ आहे, बर्फ आहे, आणि ट्रे ज्यात ठेवायचा ती मोठी परात आहे. ट्रे मात्र प्लास्टिकचे किंवा स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. ॲल्युमिनियमला डेव्हलपर खातो, आणि तांब्यापितळेच्या संसर्गाने डेव्हलपरच बिघडतो. आणि एकदा या कामाला लावलेले भांडे स्वयंपाकघरात परत नेऊ नये. याबाबत घरच्या मंडळींचा शब्द अखेरचा.

परदेशी वस्तूंशी माझे वैर नाही. दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनला गेले आणि त्यांनी विल्यमसनचा कॅमेरा व फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र आणले. ते आणायलाच हवे होते. पण पुढे? रसायने कालवणे, अंधारात फिल्मला छिद्रे पाडणे, फिल्म धुणे, ही कामे सरस्वतीबाई शिकल्या आणि त्यांनी ती केली; शिवाय सगळ्या मंडळींचा स्वयंपाक होताच. १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ अशा घरातून बाहेर पडला. त्या बाईंना कोणी आधी टाकी घ्यायला सांगितले असते, तर?

एक सवलत देतो. एका खोलीचा संसार आहे, खिडकीला घोंगडी लावूनही फटीतून रस्त्यावरचा दिवा डोकावतो, अशांनी चार शीट मावणारी लहान बंद टाकी आणि हात घालायची काळी पिशवी अवश्य घ्यावी. तेथे टाकी ही चैन नव्हे. फिरते यंत्र तेव्हाही नको.

आणि फिल्म महाग म्हणून अडले असेल, तर हिरव्या प्रकाशाला संवेदनशील असलेली एक्स-रे फिल्म मिळवावी. ती तांबड्या दिव्यात कापता येते आणि धुताही येते, त्यामुळे चित्र उमटताना डोळ्यांना दिसते. तिला दोन्ही बाजूंनी रसायन असते आणि तळाला घासून ओरखडे पडतात. यासाठी ट्रेच्या तळाशी एक गुळगुळीत काच घालावी. काचेच्या कडा घासून घ्यायला विसरू नये. त्या मुलीला मी अशी काच कापून आणून दिली आहे. कॅमेरा दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून खाली आला आहे. ट्रे ती तुळशीबागेतून आणणार आहे.