वडिलांच्या डब्यातला बोल्ट

नवरात्रात आईने जाहीर केले, "यापुढे मी तुझ्या स्कूटरवर बसायची नाही. मागे टेकायला काही नाही. सिग्नल सुटला की वाटते, तू पुढे गेलास आणि मी रस्त्यावर राहिले."

आईचे वय ७४. दर गुरुवारी तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यावे लागते. तेव्हा धनत्रयोदशीला सोन्याच्या दुकानाकडे पाठ फिरवून मी मागच्या सीटचा पाठटेकू घेऊन आलो. माझ्या स्कूटरच्या मागच्या ॲल्युमिनियमच्या दांड्यात आटे पाडलेली तीन भोके आहेत; तीन बोल्ट आवळले की झाले. "लावून देऊ का? दहा मिनिटांचे काम," असे दुकानदार म्हणाला. पण दहा मिनिटांच्या कामाला पैसे कोण देतो!

दोन बोल्ट सुरळीत बसले. तिसरा हातातून निसटला आणि गटाराच्या जाळीतून थेट पाताळात गेला. मग मी माळ्यावरून वडिलांचा पत्र्याचा डबा काढला. वडील जाऊन बरीच वर्षे झाली, पण त्या डब्यात हात घालून रिकामा काढला, असे आमच्या घरात घडलेले नाही. बोल्ट मिळाला, अगदी तेवढाच जाड. बोटांनी जाईना, म्हणून पाना लावला. पान्यापुढे तो मुकाट्याने गेला. जुन्या मालाचे कौतुक करीत मी आणखी एक पिळा दिला मात्र, पाना एकदम हलका झाला आणि बोल्ट नुसताच गरगर फिरू लागला. बाहेर काढला, तर त्याच्या आट्यांत ॲल्युमिनियमचा चंदेरी कीस, करंजीतल्या खोबऱ्यासारखा!

चिरंजीव म्हणाले, "चिकटवून टाका बाबा. दोन बोल्ट आहेतच, तिसरा कुणाला दिसतोय?" खोटे कशाला सांगू, मी ट्यूब शोधायलाही लागलो होतो. तेवढ्यात आई दारात आली, पाठटेक्यावरून हात फिरवून म्हणाली, "आता मी डोळे मिटून बसेन हो." रात्री मला झोप लागली नाही.

सकाळी फराळाचा डबा घेऊन गॅरेज गाठले. मिस्त्रींनी बोल्ट उजेडात धरला, दुसरा त्याला आडवा जुळवून दाखवला. दोघांचे आटे एकमेकांत बसेनात, मधून उजेड दिसत होता. "काका, हा पाव इंची. इंचाला २० आटे. तुमचे भोक ६ मिलिमीटरचे, तिथे दर मिलिमीटरला एक आटा. लोखंड आणि ॲल्युमिनियमच्या भांडणात ॲल्युमिनियमच मरणार."

इंची आट्यांना व्हिटवर्थ नावाच्या इंग्रजाने १८४१ साली शिस्त लावली, हे मी कुठेसे वाचले होते. ते ज्ञान मी यावेळी प्रकट केले नाही.

"मग मोठा बोल्ट घालू या का?"

"८ चा घातला तर कड पातळ होईल, फुटेल."

त्यांनी ६.३ मिलिमीटरच्या ड्रिलने खराब आटे काढून टाकले. मग तेल सोडून खास मापाचा टॅप फिरवला. थोडा पुढे, थोडा मागे, म्हणजे कीस तुटून पडतो. भोक फुंकून स्वच्छ केले. त्यात पोलादी तारेची एक बारीक स्प्रिंग पिळत बसवली आणि तळाचे तिचे शेपूट टकदिशी मोडून काढून घेतले. तारेच्या आतल्या अंगाला पुन्हा ६ मिलिमीटरचेच आटे, आणि आता पोलादाचे! मूळच्यापेक्षा टिकाऊ.

नवा बोल्ट मात्र त्यांनी माझ्याच हातात दिला. "आधी उलटा फिरवा. टक् लागले की सुलटा. तीन-चार आटे बोटांनीच. मग वीतभर पान्याला पाचेक किलोंचा जोर, बस्स!" मी कान धरल्यासारखा पाना धरला.

भाऊबीजेला आईला मामांकडे नेले. अर्ध्या वाटेत मागून काही बोलणे येईना. आरशात पाहिले, तर खरेच डोळे मिटलेले. स्कूटर बाजूला घेऊन तिला उठवावे लागले. बोल्ट कितीही पक्का असला, तरी झोपणे काही त्याच्या हिशेबात नव्हते.

वडिलांचा बोल्ट मी टाकला नाही. 'पाव इंची' अशी चिठ्ठी गुंडाळून तो पुन्हा डब्यात ठेवला आहे.