गाडी उचलता आली पाहिजे

विजेवर चालणाऱ्या मोटारसायकलींची चर्चा आपल्याकडे बहुधा दोनच आकड्यांभोवती फिरते : वेग किती आणि एका चार्जिंगमध्ये पल्ला किती. शहरातल्या डांबरी रस्त्यावर हे प्रश्न योग्यच आहेत. पण ज्या पाड्यांपर्यंत डांबर पोहोचलेच नाही, तेथे पहिला प्रश्न निराळा असतो. ही गाडी वाटेत अडली, तर दोन माणसांना उचलता येईल काय? मी अशाच एका डोंगरी पाड्यावरून या महाविद्यालयात शिकायला आलो आहे. आणि आडवाटेच्या गाडीची निवड वजनापासूनच सुरू व्हावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

हा केवळ हौसेचा विषय नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यातील मोखाडा तालुक्यात घरीच प्रसूती झालेल्या एका मातेची जुळी बाळे दगावली. तिला झोळीत घालून नातेवाइकांनी सुमारे ३ किलोमीटरची डोंगरवाट तुडवली. अशी बातमी आली, की आपण रस्त्याची मागणी करतो. ती रास्तच आहे आणि ती कधीही सोडता कामा नये. पण रस्ता होईपर्यंत काय? मोटारसायकलवरून बाळंतीण नेता येत नाही, हे उघड आहे. मात्र आरोग्यसेविका पाड्यावर वारंवार येऊ शकते, धोक्याची लक्षणे आधीच ओळखू शकते. गाडी हवी ती रुग्ण नेण्यासाठी नव्हे, तर सेविका आणण्यासाठी.

आता वजनाचा विचार करू. नेहमीची १०० सी.सी.ची पेट्रोल मोटारसायकल सुमारे ११० किलोची असते. परदेशात खास आडवाटांसाठी बनणाऱ्या विजेच्या हलक्या गाड्या ५० किलोच्या आसपास आहेत. म्हणजे सिमेंटच्या एका गोणीइतक्या. ओहोळ आला, दरड आडवी पडली, तर आपल्याकडची दोन माणसे बांबूला टांगून ती पलीकडे नेतील. ११० किलोचे धूड मात्र तेथेच पावसात भिजत राहील.

कुणी म्हणेल, हलकी गाडी चढ कसा चढणार? हिशेब सोपा आहे. गाडी ५० किलो, माणूस ६० आणि औषधांची पेटी २०, मिळून १३० किलो. पाच मीटरला एक मीटर असा चढ ताशी १० किलोमीटर वेगाने चढायला सुमारे ७०० वॉट शक्ती लागते. वाटेतल्या दगडधोंड्यांसाठी आणखी थोडी धरावी. आपल्या नियमांनी नोंदणी व परवान्यातून मोकळी ठेवलेली विजेची दुचाकी २५० वॉटच्या आतली आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाची असते. ती बाजारहाटाला ठीक, पण आमच्या चढावर माणसाच्या चालीपेक्षाही मागे पडेल. तेव्हा शक्ती थोडी अधिक हवी आणि रीतसर नोंदणीही हवी.

बॅटरी मात्र मोठी नको. हेच वजन ३०० मीटर उंचीवर न्यायला मुळात जेमतेम ०.१ युनिट ऊर्जा लागते. वाटेतला सारा अपव्यय धरला, तरी १ युनिटची बॅटरी दिवसभराच्या फेरीला पुरावी. पल्ल्याच्या हव्यासाने तिप्पट बॅटरी घेतली, तर हलक्या गाडीचा हेतूच नाहीसा होतो. बॅटरी काढता येणारी असावी, म्हणजे गाडी पायथ्याशी ठेवून तेवढीच घरी नेता येईल. पावसाळ्यात आमच्याकडे वीज दिवसेंदिवस नसते. म्हणून एक जादा बॅटरी आरोग्य केंद्रात भरून ठेवलेली बरी.

गाडी तालुक्यापासून पायथ्यापर्यंत छोट्या टेंपोतून न्यावी. त्यासाठी बॅटरी आधी काढावी, तिची टोके झाकून ती उन्हापासून दूर, वेगळी ठेवावी. गाडी उभीच ठेवून चारही बाजूंनी दोराने आवळावी. पण दोर विजेच्या तारांवरून जाता कामा नये. एक तार दबली, तर डोंगरात ती शोधणार कोण?

दक्षिण आफ्रिकेतील क्रूगर राष्ट्रीय उद्यानाजवळ वनरक्षकांनी २०२१ च्या सुमारास 'केक' या स्वीडिश कंपनीच्या हलक्या विजेच्या मोटारसायकली वापरून पाहिल्या. शिकाऱ्यांना चाहूल लागत नाही आणि रानात पेट्रोल वाहून न्यावे लागत नाही, हे त्यामागचे गणित. पण फेब्रुवारी २०२४ मध्ये त्या कंपनीचेच दिवाळे वाजले. यातून आपण बोध घ्यावा. ब्रेक, साखळी, टायर तालुक्याच्या दुकानात मिळतील अशीच गाडी निवडावी. नाहीतर कितीही उत्तम गाडी वर्षभरात गोठ्यातले लाकूड होऊन बसेल.

एक आक्षेप मला मान्य आहे. कोठेही जाणारी गाडी नको तेथेही जाईल. गडांवर, पठारांवर, अभयारण्यांत हौशी मंडळी ती घेऊन शिरतील. आवाज नाही म्हणून जमिनीची धूप थांबत नाही आणि जनावर बुजायचे राहत नाही. म्हणून ही सोय तेथे राहणाऱ्यांसाठी आणि त्यांची सेवा करणाऱ्यांसाठीच असावी, असे मी आग्रहाने म्हणेन.

मित्रहो, आपल्या महाविद्यालयाचे राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर दरवर्षी कोणत्या ना कोणत्या गावी भरते. या वर्षी आपण एखाद्या पाड्याची वाट मोजू या. चढ किती, ओहोळ किती, गाडी किती ठिकाणी उचलावी लागेल, याचा तक्ता करू आणि तो जिल्हा परिषदेकडे नेऊ. भूगोल विभागाच्या प्राध्यापकांनी मार्गदर्शन केले, तर हे काम आठ दिवसांत होईल. कोणती गाडी घ्यावी, हे मग कंपन्यांच्या जाहिराती सांगणार नाहीत. ती वाटच सांगेल.