कारागिराचा कारखानदार

गेल्या वर्षीच्या दोन शासकीय निर्णयांची एकत्रित चिकित्सा व्हावी तशी झाली नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला. असे खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड अशी तरतूद त्यात आहे. पुढच्याच महिन्यात महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ॲनिमेशन, संगणकीय खेळ आणि तत्सम व्यवसायांसाठी २०५० पर्यंतचे धोरण मंजूर केले. त्याचा आराखडा सुमारे ३२६८ कोटी रुपयांचा आहे. एका हाताने जुगाराचे दार बंद केले आणि दुसऱ्या हाताने कलेचे दार उघडले, असा या दोहोंचा अर्थ शासन लावते. तो चुकीचा आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु उघडलेल्या दारातून आत कोण येणार आणि आलेला तेथे टिकणार काय, हा प्रश्न त्याने सुटत नाही. त्यासाठी मुंबईच्याच एका माणसाची कारकीर्द पाहावी.

श्री. विशाल गोंदल हे चेंबूरचे. शालेय वयातच संगणकाच्या आज्ञावली लिहू लागलेला हा मुलगा सोळाव्या वर्षी धंद्यात पडला आणि १९९९ मध्ये, कारगिलच्या वर्षी, त्याने ‘इंडियागेम्स’ ही कंपनी काढली. तेव्हा या देशात संगणकावरचा खेळ म्हणजे चैनीची वस्तू होती आणि मोबाईल फोन तर श्रीमंतांच्याच हाती. तो सर्वसामान्यांकडे आला तेव्हा त्याच्या बोटभर पडद्यावर क्रिकेटचे नि सिनेमांचे खेळ बसविणाऱ्यांत ही मुंबईची मंडळी आघाडीवर होती. पुढे काय झाले? २००४ च्या अखेरीस चीनच्या टॉम ऑनलाइन या कंपनीने इंडियागेम्सचा ऐंशी टक्क्यांहून अधिक हिस्सा सुमारे पावणेदोन कोटी डॉलरना घेण्याचे ठरविले. २००७ मध्ये बहुसंख्य भाग यूटीव्हीकडे आले. पुढे अमेरिकेच्या डिझ्नीने यूटीव्ही घेतली, तिच्याबरोबर इंडियागेम्सही घेतली, आणि हळूहळू ते नाव डिझ्नीच्या नावात विरून गेले. श्री. गोंदल काही काळ डिझ्नीत अधिकारपदी राहिले, २०१३ मध्ये बाहेर पडले आणि आरोग्यविषयक सेवा देणारी दुसरीच कंपनी त्यांनी उभी केली.

यात श्री. गोंदल यांना दोष देण्याचे आम्हांस कारण दिसत नाही. आपल्या बँका कर्जासाठी तारण मागतात. जमीन चालते, यंत्र चालते, सोने तर चालतेच. पोराने रात्री जागून लिहिलेली आज्ञावली चालत नाही. तेव्हा परदेशी गिऱ्हाईक दारी आले तर कारागिराने काय करावे? त्याने विकले. यशस्वी कारागिराने कारागिरी सोडून सौदागर व्हावे अशीच आपली व्यवस्था आहे, आणि तो तसा झाला की आपण त्याचा सत्कार करतो.

आता जपानकडे वळू. सातोरू इवाता हाही प्रोग्रॅमरच. १९९३ मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, एचएएल या बुडत्या खेळकंपनीचे अध्यक्षपद त्याच्या गळ्यात पडले. डोक्यावर दीड अब्ज येनचे कर्ज होते. काही वर्षांत त्याने ते फेडले. अध्यक्ष असतानाही तो इतरांच्या अडलेल्या आज्ञावल्या स्वतः बसून सोडवीत असे. २००२ मध्ये तो निन्टेन्डोचा अध्यक्ष झाला. १८८९ मध्ये पत्त्यांच्या कारखान्यापासून सुरू झालेल्या या कंपनीच्या गादीवर यामाउची घराण्याबाहेरचा हा पहिलाच माणूस. पुढे विक्री घसरली तेव्हा भागधारकांनी नोकरकपातीविषयी विचारले. भेदरलेला माणूस चांगला खेळ घडवू शकत नाही, अशा आशयाचे उत्तर देऊन त्याने स्वतःचा पगार निम्म्यावर आणला. २०१५ मध्ये, पंचावन्नाव्या वर्षी, तो त्याच पदावर असताना वारला. त्याची बुद्धी असामान्य होती हे खरे. पण तिला धीर धरणारे घर मिळाले, हे अधिक खरे.

आपल्याकडे तो धीर भांडवलाने दाखविला नाही. ते वळले रमीकडे, पोकरकडे आणि क्रिकेटच्या काल्पनिक संघांवर पैसे लावण्याकडे, कारण तेथे नफा आजचा आज मिळे. २०२५ च्या कायद्याने तो मार्ग एका आठवड्यात बंद झाला. घरोघरच्या कर्जबाजारी तरुणांकडे पाहता बंदी योग्यच होय. परंतु त्या कंपन्यांत काम करणाऱ्या प्रोग्रॅमरांनी कोठे जावे याचे उत्तर कायद्यात नाही.

देशाभिमानाची हाक हेही उत्तर नव्हे. २०२० मध्ये पबजीवर बंदी येताच ‘फौजी’ या खेळाची घोषणा झाली. श्री. गोंदल त्यामागेही होते. २६ जानेवारी २०२१ रोजी गलवानचा प्रसंग घेऊन तो आला. लोकांनी उत्साहाने घेतला आणि बऱ्याच जणांची निराशा झाली. खेळ खेळ म्हणून तोकडा असेल तर झेंडा त्याला फार काळ तारीत नाही. याउलट पुण्यातील नॉडिंग हेड्स या लहानशा संस्थेचा ‘राजी’ हा खेळ पाहावा. लोकवर्गणीचा त्यांचा प्रयत्न २०१७ मध्ये फसला, तरी २०२० मध्ये तो निन्टेन्डोच्याच यंत्रावर जगापुढे आला. विषयांचे दारिद्र्य आपल्याकडे नाही. कान्होजी आंग्र्यांचे आरमार आमच्या किनाऱ्यावरचे. सरदार सरोवराच्या पाण्याने २०१९ मध्ये गिळलेले धार जिल्ह्यातील निसरपूर नर्मदेच्या खोऱ्यातले. अशा गावाचा खेळ एखाद्या परक्या कंपनीने करण्याआधी आपल्या मुलांनी करावा, असे आम्हांस वाटते.

म्हणून ३२६८ कोटींचा हिशेब करताना इमारती आणि उद्यानांच्या आधी शासनाने तीन गोष्टी नियमांत घालाव्यात. लिहिलेल्या आज्ञावलीचे आणि खेळाच्या हक्काचे मूल्य धरून, स्वतः हमी राहून, कर्ज मिळवून द्यावे. अनुदान घेतलेल्या खेळाचा हक्क ठराविक वर्षे निर्मात्यांकडेच राहावा. आणि या कामाचे शिक्षण मुंबई-पुण्याच्या शुल्कात न अडकता रत्नागिरी-सिंधुदुर्गातील तंत्रनिकेतनांत सुरू व्हावे. पहिल्या दोन वर्षांत यांतील किती झाले, ते आम्ही विचारणार आहोत.