कळ थांबली, आजार नव्हे

स्वादुपिंडाचा जुनाट दाह म्हटला की डोळ्यांपुढे दोनच गोष्टी येतात: दारूची बाटली आणि पोटातली जीवघेणी कळ. मग दोन निष्कर्ष बिनदिक्कत निघतात. न पिणाऱ्याला हा रोग होत नाही आणि कळ थांबली की रोगी बरा झाला.

पहिल्याचे उत्तर केरळने कधीच दिले आहे. डॉ. पी. जे. गीवर्गीस यांनी तिथे १९६०च्या दशकात अशा रुग्णांची मोठी नोंद केली: किडकिडीत, तरुण, दारूला न शिवलेले, तरी स्वादुपिंडात खडे. दोष टॅपिओकावर आला (आपला उपवासाचा साबुदाणा त्याच कंदाचा). पण तो न खाणाऱ्यांतही रोग सापडला आणि पुढे अनेक भारतीय रुग्णांत स्पिंक-१ या जनुकात बदल आढळला.

दुसरा समज अधिक घातक. गीवर्गीस यांच्या रुग्णांची कहाणी लहानपणीच्या पोटदुखीवर संपत नव्हती. पुढे ऐन तारुण्यात मधुमेह गाठायचा आणि कित्येकांचा अकाली अंत व्हायचा. कळ वर्षानुवर्षे गप्प राहिली, तरी ग्रंथीची झीज चालूच राहू शकते. पाचकरसाची सुमारे नऊ दशांश क्षमता गेल्यावर कुठे मळ तेलकट, फिकट आणि भांड्याला चिकटणारा होतो. तोवर वजन उतरलेले असते, ड जीवनसत्त्व खालावून हाडे ठिसूळ होऊ लागलेली असतात. या मधुमेहाची खोड वेगळीच. इन्सुलिनबरोबर साखर वर आणणारे ग्लुकागॉनही आटते, त्यामुळे इन्सुलिनचा डोस जरा चुकला की साखर धाडकन कोसळते.

अशा माणसाला सरसकट 'तेल-तूप बंद' सांगणे म्हणजे उपाशी माणसाच्या पुढचे ताट ओढणे. युरोपातील पोषणतज्ज्ञांच्या २०२० च्या मार्गदर्शिकेतही सरसकट पथ्य नाही. चरबी खावी, पण एन्झाइमच्या कॅप्सूलसह. मुख्य जेवणाला लायपेजची (चरबी पचवणाऱ्या एन्झाइमची) ४० ते ५० हजार युनिट्स, तीही जेवतानाच. कॅप्सूल डुकराच्या स्वादुपिंडापासून बनते, हे रुग्णाला आधी सांगायला हवे. नाहीतर उशिरा कळल्यावर तो औषध गुपचूप सोडून देईल.

म्हणून कळ थांबली तरी तपासत राहायला हवे. त्यावर 'गरिबाला तपासण्यांत कशाला लोटायचे?' हा आक्षेप अगदी खोटा नाही. पण वजनकाटा, साखरेची तपासणी आणि मळाबद्दल संकोच न करता विचारलेला प्रश्न एवढे तर कुठल्याही दवाखान्याला परवडते. आणि कावीळ, रक्ताची उलटी किंवा काळा मळ दिसला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.